भूल न देता मेंदू कसा वाचतात

कोकणात ज्याच्या माडांना उंदीर लागला आहे त्याला उंदराच्या हुशारीबद्दल वेगळं सांगायला नको. रात्री तो खोडावरून चढतो, एका माडाच्या झावळीवरून दुसऱ्याच्या झावळीवर जातो, देठाजवळ भोक पाडून कोवळं फळ पोखरतो आणि उजाडायच्या आत पसार होतो. खोडाला पत्र्याचा पट्टा ठोकला तर थोडे दिवस गडबडतो, मग शेजारच्या झाडाची फांदी कुठे टेकली आहे ते हुडकून काढतो. हे सगळं करताना त्याच्या मेंदूत काय चाललेलं असतं? वास कुठून येतोय, आपण कुठे आहोत, परत कसं जायचं, उडी घ्यावी की नको, या प्रत्येक गोष्टीमागे मेंदूतल्या पेशी काहीतरी करत असणार. ते बघायचं तर उंदीर जिवंत हवा, जागा हवा, हलता हवा आणि शक्य तितका उंदरासारखाच वागणारा हवा. ही अट ऐकायला साधी वाटते. ती पाळता पाळता मेंदूशास्त्रज्ञांच्या दोन-तीन पिढ्या खर्ची पडल्या आहेत.

पहिला मोठा धडा मिळाला तो मात्र अख्ख्या प्राण्यापासून नव्हे, माकुलाच्या (स्क्विडच्या) एका मज्जातंतूपासून. माकूल साफ करताना आतलं पारदर्शक पातं आपण ओढून काढतो, पण मांसल पिशवीच्या आतल्या बाजूला पसरलेले जाड मज्जातंतू सहसा कोणी बघत नाही. धोका दिसला की माकूल ती पिशवी एकदम आवळतं, पाण्याची चिळकांडी मारतं आणि उलट्या दिशेने सुटतं. हुकूम झटकन पोचावा म्हणून तंतू इतके जाड, काही जातींत जवळजवळ एक मिलिमीटर. १९३९ साली इंग्लंडातल्या प्लिमथ इथे अ‍ॅलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी अशा तंतूच्या आत वीज टिपणारा बारीक इलेक्ट्रोड सरकवून विजेची लहर मोजली. पुढे महायुद्ध आलं, काम अडलं. ती लहर कशी तयार होते याचं गणित त्यांनी १९५२ साली मांडलं आणि १९६३ साली त्यांना नोबेल मिळालं. मज्जातंतूतून संदेश कसा जातो हे आज शाळेत शिकवतात ते या माकुलामुळे. पण कधी पळायचं आणि कधी थांबायचं हे माकूल ठरवतं कसं, हे काढलेल्या तंतूला विचारता येत नाही.

मग अख्खा प्राणी घेतला, पण भूल देऊन. त्याला कारणं होती. भुलेखाली प्राणी हलत नाही, इलेक्ट्रोड जागचा सरकत नाही, प्राण्याला त्रास होत नाही. डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून भूल दिलेल्या मांजरांवर काम केलं. मेंदूच्या दृष्टीच्या भागातल्या पेशी ठरावीक तिरकस रेघेलाच प्रतिसाद देतात, हे त्यांना त्यात सापडलं. १९८१ साली त्यांनाही नोबेल. तेव्हा भुलेतले प्रयोग वाया गेले असं म्हणायची सोय नाही. अडचण दुसरीच आहे. भूल दिलेला मेंदू म्हणजे जाग्या मेंदूतून फक्त हालचाल वजा केलेली नसते. तो वेगळ्याच अवस्थेत गेलेला असतो. मोठ्या भागातल्या पेशी एकदम बोलतात, एकदम गप्प होतात, संथ लाटा उठत राहतात, पेशींनी एकमेकींना आवरण्याचा तोल बदलतो.

वासाचंच घ्या. जागा उंदीर हुंगतो, म्हणजे सेकंदाला सहा-आठ वेळा नाकाने बारीक झटके घेतो, आणि कधी हुंगायचं ते तोच ठरवतो. भुलेखाली हे हुंगणंच थांबतं, उरतो तो नुसता श्वास. २००६ साली दिमित्री रिनबर्ग आणि सहकाऱ्यांनी लहान उंदरांच्या (इंग्रजीत माऊस; पुढे ‘मोठा उंदीर’ येईल तो रॅट) मेंदूतल्या वासाच्या पहिल्याच थांब्यावरच्या पेशी दोन्ही अवस्थांत तपासल्या. भूल दिलेली असताना वास आला की पेशी ठळकपणे चेतत होत्या. जाग्या उंदरात त्याच पेशी मुळातच इतक्या चालू असायच्या की वासामुळे पडणारा फरक तुरळक दिसायचा. त्याआधी ‘वासाची मेंदूतली नोंद’ म्हणून जे सांगितलं जायचं, त्यातला काही भाग भुलेचाच होता.

दृष्टीतही तेच. क्रिस्टोफर नील आणि मायकेल स्ट्रायकर यांनी २०१० साली लहान उंदराला डोकं स्थिर ठेवून पायाखालच्या चेंडूवर चालू दिलं आणि पडद्यावर रेघा दाखवल्या. उंदीर उभा असताना पेशी जितका प्रतिसाद देत, त्याच्या साधारण दुप्पट तो धावताना देत. रेघ तीच, डोळा तोच. पाय चालू झाल्याने डोळ्यामागची पेशी बदलते हे भूल दिलेल्या मांजरात कळण्याचा मार्गच नव्हता.

जाग्या प्राण्याच्या मेंदूतली एकेक पेशी ऐकायची कशी, ही खरी कारागिरी. पेशी चेतते तेव्हा एक मिलिसेकंदभर विजेचा ठोका पडतो. पेशीच्या बाहेर तार ठेवली तर तो काही दहा-शंभर मायक्रोव्होल्टएवढा जाणवतो, म्हणजे टॉर्चच्या दीड व्होल्टच्या सेलच्या पंधरा हजाराव्या भागाएवढा किंवा त्याहूनही कमी. त्यासाठी टोकदार, कडक आणि टोकाखेरीज सगळीकडे लेप दिलेली तार लागते. ह्युबेलने १९५७ साली टंगस्टनची अशी तार बनवली आणि वीझलबरोबरच्या कामाआधी मोकळ्या मांजरात ती वापरूनही पाहिली. त्याचं हे काम लोक सहसा विसरतात. १९६० च्या दशकात अमेरिकेत एडवर्ड एव्हार्ट्सने माकडांना मनगट ठरावीक तऱ्हेने हलवायला शिकवलं आणि त्याच वेळी त्यांच्या मेंदूतल्या पेशी ऐकल्या. हालचाल दिसायच्या आधीच पेशी चेतत होत्या. शिकवलेलं काम आणि पेशीचा आवाज एकाच घड्याळावर मांडायचा हा पायंडा तिथून पडला.

१९७१ साली लंडनमध्ये जॉन ओकीफ आणि जोनाथन डोस्ट्रॉव्हस्की यांनी मोकळ्या फिरणाऱ्या मोठ्या उंदराच्या मेंदूत, हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात, तारा सोडल्या. काही पेशी उंदीर ठरावीक जागी आला की चेतायच्या, एरवी बहुतेक गप्प. उंदराच्या मेंदूत जागेचा नकाशा असतो, हे असं कळलं. २००५ साली नॉर्वेत माय-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांच्या गटाला शेजारच्याच भागात षटकोनी जाळीत चेतणाऱ्या पेशी सापडल्या. २०१४ चं नोबेल या तिघांना मिळालं. आता बघा, हा सगळा शोध उंदीर चालल्याशिवाय लागणं अशक्य होतं. झोपवलेला उंदीर कुठेच जात नाही, मग जागेची पेशी दिसणार कुठे?

एका तारेला मात्र आजूबाजूच्या अनेक पेशी एकदम ऐकू येतात. त्या वेगळ्या कशा काढायच्या? मालवणच्या जेटीवर संध्याकाळी मासळीचा लिलाव चालू असताना मधोमध एकच माईक लावला तर रेकॉर्डिंगमध्ये नुसता कालवा येईल. थोड्या थोड्या अंतरावर चार माईक लावले तर बोली लावणारी प्रत्येक बाई चारही माईकमध्ये वेगवेगळ्या जोराने ऐकू येईल. एकीचा आवाज पहिल्यात मोठा आणि तिसऱ्यात बारीक, दुसरीचा उलट. चारही रेकॉर्डिंगं ताडून पाहिली की चेहरा न बघताही कोण किती वेळा बोललं ते मोजता येतं. केसाहून बारीक चार तारा एकत्र पिळून केलेला ‘टेट्रोड’ हेच करतो. मॅथ्यू विल्सन आणि ब्रूस मॅकनॉटन यांनी अशा तारांनी एका वेळी डझनावारी पेशी ऐकल्या. उंदीर फिरत असताना ज्या पेशी जोडीने चेतायच्या, त्या नंतर तो झोपल्यावरही जोडीने चेततात, हे त्यांनी १९९४ साली दाखवलं.

आता तारांची जागा सिलिकॉनच्या पात्यांनी घेतली आहे. २०१७ साली आलेलं ‘न्यूरोपिक्सेल्स’ हे पातं एक सेंटिमीटर लांब, ७० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रुंद आणि जाडीला त्याहूनही कमी. त्यावर ९६० ठिकाणी ऐकायची सोय, त्यातली ३८४ ठिकाणं एका वेळी चालू. एका उंदरात शेकडो पेशी एकदम नोंदवता येतात. मग पेशी वेगळ्या करायचं काम माणसाच्या हातून गेलं आणि कॉम्प्युटरकडे आलं. तिथेही चुका होतात, फक्त त्या आता जास्त वेगाने होतात.

आमच्या वाडीतल्या एका काकांना हे सांगत होतो, तर त्यांनी मधेच अडवलं. “मास्तरांनू, भूल दिल्याशिवाय तो गप रवतलो कसो? आणि गप रवलो नाय तर तुमची ती तार रवतली काय?” काकांनी बोट बरोबर दुखऱ्या जागी ठेवलं होतं. जाग्या प्राण्यात मेंदू कवटीच्या आत श्वासागणिक, पावलागणिक किंचित सरकतो. पेशीचा आकार दहा-वीस मायक्रॉन, सरकणं काही मायक्रॉनांचं. तार थोडी हलली की आवाज बदलतो. त्यावर दोन उपाय निघाले: एक तर डोकं बांधायचं, नाहीतर यंत्र इतकं हलकं करायचं की ते डोक्याबरोबरच हलेल.

डोकं बांधणं म्हणजे आधी पूर्ण भुलेखाली शस्त्रक्रिया करून कवटीवर टायटॅनियमची छोटी पट्टी दातांच्या डॉक्टरांच्या सिमेंटने बसवायची. जखम भरल्यावर ती पट्टी रोज थोडा वेळ चिमट्यात धरायची: पहिल्या दिवशी थोडाच वेळ, मग हळूहळू वाढवत. डोकं धरलेलं, पाय मोकळे. पायाखाली थर्माकोलचा मोठा चेंडू हवेच्या झोतावर तरंगत ठेवायचा. उंदीर चालला की चेंडू फिरतो, आणि तो किती फिरला हे कॉम्प्युटरच्या माऊसमध्ये असतो तसल्याच सेन्सरने मोजायचं. डॅनियल डॉम्बेक, डेव्हिड टँक आणि सहकाऱ्यांनी २००७ साली ही व्यवस्था सूक्ष्मदर्शकाखाली बसवली आणि चालणाऱ्या उंदराच्या पेशी डोळ्यांनी पाहिल्या.

‘डोळ्यांनी पाहिल्या’ हे शब्दशः घ्या, कारण इथून पद्धत बदलते. तार न घालता पेशीच चमकवायची. ही चमक आली जेलीफिशकडून. जाळ्यात जेलीफिश भरली की मासळी कमी आणि अंगाला खाज जास्त, त्यामुळे आपल्याकडे तिचं नाव काढलं तरी रापणकर वैतागतात. ओसामू शिमोमुरा हा जपानी रसायनशास्त्रज्ञ मात्र अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर उन्हाळ्यामागून उन्हाळे लाखो जेलीफिश गोळा करत होता. १९६१ साली एकदा निरुपयोगी ठरलेला अर्क त्याने बेसिनमध्ये ओतला, आणि बेसिन निळं लखलखलं. बेसिनमध्ये समुद्राचं पाणी येत होतं. त्या पाण्यातल्या कॅल्शियमने अर्क पेटला होता. त्याच जेलीफिशमधून हिरवं चमकणारं प्रथिनही हाती लागलं आणि २००८ साली शिमोमुरा, मार्टिन चॅल्फी व रॉजर त्सिएन यांना त्यासाठी नोबेल मिळालं.

आता दुवा असा: पेशी चेतते तेव्हा तिच्या आत कॅल्शियम शिरतं. २००१ साली जपानमध्ये जुनिची नाकाई आणि सहकाऱ्यांनी ते हिरवं प्रथिन कॅल्शियम पकडणाऱ्या दुसऱ्या एका प्रथिनाला जोडलं. कॅल्शियम आलं की हिरवा उजेड वाढतो, गेलं की मंदावतो. याचं जनुक निरुपद्रवी केलेल्या विषाणूतून पेशींत पोचवलं, कवटीत काचेची खिडकी बसवली आणि वरून लेझर टाकला की शेकडो, हजारो पेशी लुकलुकताना दिसतात. पेशी कोणत्या जातीची हेही ठरवता येतं आणि तीच पेशी आठवड्यांनंतर पुन्हा शोधता येते, जे तारेला फार जड जातं. उलट बाजूही आहे. कॅल्शियम विजेच्या मानाने आळशी, त्यामुळे एकामागोमाग पडलेले ठोके एकात एक मिसळतात. आणि उजेड मिलिमीटरभराहून खोल नीट जात नाही, मेंदू तर त्याखाली बराच उरतो. कोणती पद्धत चांगली, असं विचारणाऱ्याला मी उलट विचारतो: वेळ नेमकी हवी की पेशीची ओळख?

डोकं बांधलेल्या उंदराला फिरायला जागा हवी म्हणून समोर पडदा लावून चेंडूबरोबर हलणारी बोळं-भिंती दाखवायची पद्धतही निघाली. उंदीर जागच्या जागी धावतो आणि पडद्यावर पुढे जातो. जागेच्या पेशी तिथेही चेततात. पण मयंक मेहता यांच्या लॉस एंजेलिसमधल्या गटाने अशा आभासी खोलीत मोठ्या उंदरांना हव्या त्या दिशेला मोकळं फिरू दिलं, तेव्हा पेशींची जागा ओळखण्याची नेमकी सवय जवळपास मोडली. डोळ्याला जागा दिसत होती, पण कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग, वास, मिशांचा स्पर्श यांतलं काहीच जुळत नव्हतं. पडद्यावरचा उंदीर हा उंदराचा एक भागच असतो, हे यातून दिसलं. डोकं बांधलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष वाचताना हे मनात ठेवलेलं बरं.

दुसरा उपाय हलक्या यंत्राचा. २०११ साली मार्क श्निट्झर यांच्या गटाने दोन ग्रॅमांच्या आतला सूक्ष्मदर्शक केला, जो पंचवीस ग्रॅमांचा उंदीर डोक्यावर घेऊन फिरतो. वटवाघळांनी तर कमाल केली. इस्रायलमध्ये मायकेल यार्त्सेव्ह आणि नाखुम उलानोव्हस्की यांनी इजिप्तच्या फळखाऊ वटवाघळाच्या डोक्यावर बिनतारी यंत्र बसवून खोलीत उडू दिलं आणि २०१३ साली उंचीसकट तिन्ही बाजूंनी आखलेल्या जागेच्या पेशी दाखवल्या. खोली अपुरी वाटली म्हणून पुढे २०० मीटरचा बोगदा बांधला. २०२१ साली आलेले त्याचे निष्कर्ष मला सगळ्यात आवडतात. खोलीत एक पेशी बहुधा एका जागेची. बोगद्यात तीच पेशी अनेक ठिकाणी चेतायची, कुठे मीटरभराच्या आतल्या पट्ट्यात तर कुठे तीस मीटर लांब पट्ट्यात. फळांसाठी रात्री मैलोगणती उडणाऱ्या प्राण्याचा नकाशा खोलीच्या मापाचा असेल असं धरून चालणं हेच मुळात चमत्कारिक होतं. पण पन्नास वर्षं आपण खोक्याएवढ्या जागेतच उंदीर सोडत आलो होतो.

ऑक्टोपसची तऱ्हाच वेगळी. त्याच्या डोक्यावर काही चिकटवलं तर आठ हातांपैकी एखादा ते उपटून फेकतोच. २०२३ साली जपानच्या ओकिनावा बेटावरच्या संशोधकांनी नोंदयंत्र त्याच्या अंगाच्या पिशवीत, जिथे हात पोचत नाही तिथे, ठेवलं आणि तीन मोकळ्या ऑक्टोपसांच्या मेंदूचे संकेत बारा-बारा तास टिपले. त्याच वर्षी त्याच बेटावरच्या दुसऱ्या गटाने, ज्याच्या शोधनिबंधावर पहिलं नाव अदिती पोफळे यांचं आहे, झोपलेल्या ऑक्टोपसच्या मेंदूत तारा ठेवून पाहिलं. साधारण तासातून एकदा त्याच्या अंगावर जागेपणीचे रंग मिनिटभर फिरतात आणि तेवढ्यापुरता मेंदूही जागेपणासारखाच बोलतो.

इतका वेळ यंत्रांबद्दल बोललो, पण माझ्या मते या धंद्यातला अवघड अर्धा भाग यंत्रात नसतो. तो प्राणी काय करतोय हे नक्की करण्यात असतो. २०१० साली जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट यांनी दाखवलं की लहान उंदराला शेपटीला धरून उचललं तर तो धास्तावतो आणि माणसाला टाळतो. तोच नळकांड्यात शिरवून किंवा ओंजळीत घेऊन उचलला तर निवांत राहतो. शंभर वर्षं प्रयोगशाळांत शेपटीलाच धरत आले होते. २०१४ साली कॅनडातल्या जेफ्री मोगिल यांच्या गटाने आणखी एक धक्का दिला: प्रयोगाच्या खोलीत पुरुष असला, किंवा त्याने घातलेला टी-शर्ट जरी ठेवला, तरी उंदरांवर ताण येतो आणि त्या ताणापायी वेदनेला मिळणारा प्रतिसादही कमी होतो. स्त्रियांच्या बाबतीत तसं होत नाही. किती जुन्या निष्कर्षांत प्रयोग करणाऱ्या पुरुषाच्या घामाचा वाटा असेल, देव जाणे. शिवाय उंदीर रात्रीचा प्राणी. सकाळी अकराला त्याला कामाला लावायचं म्हणजे आपल्याला पहाटे तीनला उठवून गणित घालायचं. म्हणून खोलीतले दिवे उलटे फिरवतात आणि काम लाल उजेडात करतात, तो त्याला जेमतेम दिसतो.

चांगला प्रश्न असला तर साधं यंत्रही पुरतं. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात उपिंदर भल्ला यांच्या गटाने तहानलेल्या मोठ्या उंदरांना शिकवलं: वास डावीकडून आला तर डावीकडे जा, उजवीकडून आला तर उजवीकडे, बरोबर गेलास तर पाणी. एक-दोन हुंगण्यांतच उंदीर बाजू सांगायचे. एक नाकपुडी बंद केली की ते गडबडायचे. दोन कानांनी जशी आवाजाची दिशा कळते तशी उंदराला दोन नाकपुड्यांनी वासाची कळते, हे २००६ साली असं सिद्ध झालं. माडावरच्या उंदराला अंधारात फळ सापडतं त्यात याचा हात असावा, असं मानायला हरकत नाही.

पूर्वी वागणूक नोंदवायची म्हणजे विद्यार्थी स्टॉपवॉच घेऊन बसायचा. २०१८ साली मॅकेन्झी आणि अलेक्झांडर मॅथिस व सहकाऱ्यांनी ‘डीपलॅबकट’ नावाची फुकट मिळणारी प्रणाली काढली. व्हिडिओतल्या काहीशे चित्रांवर नाक, पंजा, शेपटीचं मूळ अशा खुणा हाताने करून द्यायच्या, बाकीच्या लाखो चित्रांवर ती स्वतः करते. आणि मग लक्षात आलं ते असं. २०१९ साली दोन वेगवेगळ्या गटांनी सांगितलं की उंदराच्या मेंदूत दिसणाऱ्या खळबळीचा मोठा वाटा समोरच्या चित्राचा किंवा शिकवलेल्या कामाचा नसतोच. तो असतो मिशा हलवणं, चुळबुळ करणं, तोंडाचे चाळे यांचा. दृष्टीच्या भागातसुद्धा. म्हणजे पडद्यावरची रेघ बघून पेशी चेतली असं आपण लिहीत होतो, आणि उंदराने त्याच वेळी नाक मुरडलेलं असायचं.

ऐकणं आणि बघणं झालं तरी एक शंका उरते. पेशी चेतली आणि उंदीर वळला, पण पेशीमुळे वळला का? ते कळायला पेशी आपण चालू-बंद करून बघावी लागते. मातीत आणि गोड्या पाण्यात वाढणाऱ्या क्लॅमिडोमोनास या हिरव्या शेवाळात उजेड पडला की उघडणारं एक प्रथिन असतं. २००५ साली एडवर्ड बॉयडन, कार्ल डायसेरॉथ आणि सहकाऱ्यांनी ते मेंदूच्या पेशींत घालून निळ्या उजेडाने पेशी चेतवली. आता केसापेक्षा थोडा जाड काचेचा तंतू मेंदूत सोडून, फिरत्या उंदराच्या ठरावीक जातीच्याच पेशी क्षणात चालू करता येतात, वेगळ्या प्रथिनाने बंदही. हे बटण फार भुरळ घालतं. हार्वर्डमध्ये बेन्स ओल्वेच्की यांच्या गटाने त्याची एक मर्यादा दाखवली. शिकवलेली कसरत करणाऱ्या मोठ्या उंदराचा हालचालीचा भाग औषधाने तात्पुरता बंद केला तर कसरत कोलमडते. तोच भाग कायमचा काढून टाकला आणि उंदराला सावरायला दिवस दिले, तर कसरत पूर्ववत. मग कसरत त्या भागात ‘आहे’ की नाही? अचानक बंद केल्याने त्याच्यावर अवलंबून असलेले शेजारी भागही गडबडतात. बटण दाबून जे बिघडतं ते सगळं त्याच बटणामागचं असतं असं नाही. वीज मंडळाने एक फ्यूज काढला की काय काय बंद पडतं, ते कोकणात राहणाऱ्याला सांगायला नको.

हे सगळं वाचून कोणाला कसंसं वाटलं तर ते रास्त आहे, मलाही वाटतं. भारतात प्राण्यांवरचे प्रयोग १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली येतात. त्यावर केंद्र सरकारची समिती असते आणि प्रत्येक संस्थेची स्वतःची नीतिसमिती, ज्यात बाहेरचा माणूसही असावा लागतो. १९५९ साली विल्यम रसेल आणि रेक्स बर्च यांनी मांडलेल्या तीन कसोट्या जगभर वापरतात: प्राण्याविना भागतं का, कमी प्राण्यांत भागतं का, आणि त्रास आणखी कमी करता येतो का. पाण्याच्या थेंबासाठी काम करणाऱ्या उंदराचं रोज वजन करतात, ठरावीक मर्यादेखाली गेलं तर त्याला प्रयोगातून काढतात. एक गोष्ट मात्र या विषयात सोयीची आहे. घाबरलेला, दुखणारा उंदीर शिकत नाही, काम करत नाही, आकडे देत नाही. इथे दया आणि स्वार्थ बऱ्याचदा एकाच बाजूला असतात. नेहमीच असतात असं मी म्हणणार नाही. कमी प्राण्यांत जास्त कळावं म्हणून प्रयोगशाळा आता एकत्रही येतात. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रकल्पात १२ प्रयोगशाळांनी एकच काम, एकच यंत्र वापरून १३९ उंदरांच्या मेंदूतल्या सहा लाखांहून अधिक पेशी नोंदवल्या आणि सगळ्या जगाला खुल्या केल्या. उंदीर चाक फिरवून खूण डावीकडे आहे की उजवीकडे ते सांगायचा. एवढ्याशा निर्णयाची चाहूल मेंदूच्या जवळपास सगळ्या भागांत सापडली.

माणसाच्या वाट्याला यातलं काय येतं, तर पार्किन्सन या हातपाय थरथरण्याच्या आजाराचं उदाहरण स्वच्छ आहे. एव्हार्ट्सच्याच प्रयोगशाळेत महलॉन डिलाँगने जाग्या माकडांच्या मेंदूतले हालचालींशी जोडलेले खोल भाग ऐकायला सुरुवात केली. हागाई बर्गमन, थॉमस विखमन आणि डिलाँग यांनी १९९० साली दाखवलं की पार्किन्सनसारखी अवस्था झालेल्या माकडात सबथॅलॅमिक न्यूक्लियस हा इवलासा भाग निकामी केला की थरथर आणि ताठरपणा कमी होतो. फ्रान्समधल्या ग्रेनोबलला अलीम-लुई बेनाबिद यांनी १९९० च्या दशकात तोच भाग निकामी न करता तिथे इलेक्ट्रोड ठेवून रुग्णांना विजेचे बारीक झटके दिले. आज ही शस्त्रक्रिया मुंबईतही होते. तीत बरेचदा रुग्ण जागा असतो. त्वचेला आणि हाडाला बधिर केलेलं असतं, मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. डॉक्टर इलेक्ट्रोड थोडा थोडा खाली सरकवत पेशींचा खरखराट स्पीकरवर ऐकतात आणि मधूनच रुग्णाला मूठ उघड-मीट करायला, बोटं जुळवायला सांगतात. थरथर थांबली आणि बोलणं अडखळलं नाही, म्हणजे जागा बरोबर. अलीकडे पूर्ण भूल देऊन एमआरआयच्या चित्रावरून इलेक्ट्रोड बसवायची पद्धतही आहे. ज्यांना डोकं धरून तासन्‌तास जागं राहणं झेपत नाही त्यांना ती बरी पडते. फक्त तिथे रुग्णाची बोटं जुळतात का हे विचारता येत नाही, चित्रावरच भिस्त ठेवावी लागते.